घुंगरांचा राजा

ओल्दाइतका खडूस खेळगडी मी उभ्या ब्रनो शहरात पाहिला नाही. एकतीस वर्षं दर गुरुवारी दुपारी तीनला आम्ही तिघं 'तीन कावळे' बारमध्ये बसत आलो. मी लोयझा, ट्राम चालवायचो. लुबोरचं चष्म्याचं दुकान होतं. आणि ओल्दानं याच गल्ल्यांतून जन्मभर टपाल वाटलं. बिअर, व्हिनेगरात मुरवलेलं सॉसेज, वर भरपूर कांदा, आणि मारियाश. मारियाश हा तिघांचाच पत्त्यांचा डाव. एक जण एकटा आणि दोघं त्याच्या विरुद्ध. त्यात बाकी काहीही चालेल, पण उतरलेला रंग हातात असताना दुसरं पान टाकलं की डाव तिथंच गेला, वर जन्माची नाचक्की.

एकदा माझ्याकडून ते झालं होतं. ओल्दा खुर्चीवरून उठला आणि अख्ख्या बारला सांगत सुटला, "बघा हो बघा, हा माणूस ट्राम चालवतो, आणि ह्याला हातातला रंग दिसत नाही." दोन आठवडे मला गल्लीतून चालायची चोरी झाली होती. अहो, स्वतःच्या बायकोला, झ्देनाला, पुरून आल्यावर त्याच संध्याकाळी त्यानं लुबोरला चुकीच्या उतारीवरून इतकं झापलं की लुबोर रडता रडता हसायला लागला. आमच्या टेबलावर दयामाया नव्हती, आणि खरं सांगू, त्यातच आमचा जीव होता.

मग गेल्या हिवाळ्यात ओल्दा विसरायला लागला. आधी किल्ल्या, मग पेटता गॅस. दोनदा तर ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर सापडला, पायात घरातल्या सपाता. त्याची मुलगी राद्का ओस्ट्राव्हाला असते, तिनं मला फोन केला.

"लोयझाकाका, मी त्यांना माझ्याकडे न्यायचं म्हणतेय. ते म्हणतात, आईची कबर सोडून कुठं येणार नाही. म्हणतात, अजून मारियाश खेळतो मी, मला काय झालंय? तेव्हा ठरवलंय, येते आणि डोळ्यांनी बघते. खेळता आलं तर वसंतापर्यंत ठेवते तिथंच."

मी लगेच लुबोरला गाठलं. म्हटलं, "हे बघ, गुरुवारी ओल्दा जिंकला पाहिजे."

"आणि चुकला तर?"

"तर आपण आंधळे."

राद्का आली, त्याच्या शेजारी बसली. ओल्दानं दाढी घोटली होती, लग्नातला टाय लावला होता. बारमधल्या जार्मिलानं न विचारता बिअर आणून ठेवली. इथं कुणी मागत बसत नाही, पहिला मग रिकामा होत आला की दुसरा येतो. पहिले दोन डाव आम्ही असे हरलो की शेंबडं पोरसुद्धा हरणार नाही. लुबोरनं एक्का दाबून ठेवला, मी दहा उगाच फेकली. ओल्दा रंगात आला. "काय रे, आज दोघं झोपून आलात काय?" म्हणाला. राद्का हसली, आणि तिच्या खांद्यावरचा ताण उतरलेला मला दिसला.

तिसऱ्या डावाला ओल्दा एकटा खेळत होता. बदाम हुकूम केला. आमच्या पत्त्यांत चौकटऐवजी घुंगरांचा रंग असतो. लुबोरनं घुंगरांची दहा उतरली. ओल्दानं क्षणभर पानांकडे पाहिलं, आणि हुकमाची सत्ती मारून हात उचलला. ठीक, घुंगरं नसतील. पण दोन हातांनंतर त्यानं शांतपणे टाकला तो घुंगरांचा राजा.

लुबोरनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या घशाशी शिवी आली होती, देवाशप्पथ. मी सॉसेजचा तुकडा तोंडात कोंबला आणि पुढचं पान टाकलं.

"बाबा जिंकले," राद्का म्हणाली. "कमालच आहे तुमची. उगाच घाबरले होते मी." तिनं त्याचा हात धरला. "राहा इथंच. वसंतानंतर बघू."

ओल्दा आपले जिंकलेले हात उलटून गुण मोजत होता. मोजता मोजता थांबला. घुंगरांची दहा आणि हुकमाची सत्ती एकीकडे ठेवली, त्यांच्या शेजारी घुंगरांचा राजा ठेवला.

"लोयझा, हे तू पाहिलंस?"

"काय?"

"लुबोर, तू?"

लुबोर चष्मा पुसायला लागला.

"एकतीस वर्षांत," ओल्दा हळूच म्हणाला, "मी ह्या टेबलावर असा कधी चुकलो नाही. आज चुकलो, तर तुम्ही दोघं आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखे गप्प. म्हणजे माझं एवढं झालंय तर."

जार्मिला नवा मग घेऊन आली होती. ओल्दानं पुठ्ठ्याची चकती उचलली आणि आपल्या मगावर ठेवली. बास, असा त्याचा अर्थ. पहिल्याच बिअरला त्यानं बास केलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"राद्का, गाडी कितीची आहे?"

"अहो पण बाबा, तुम्ही तर जिंकलात."

"हो ना. म्हणूनच विचारतोय."

तो कोट घालायला लागला. बाही सापडेना, ती राद्कानं धरली. मला राहवेना. मी उठलो आणि ओरडलो, "गाढवा, हातात राजा असताना हुकूम मारतोस? टपाल तरी बरोबर घरी टाकलंस का रे कधी?" सगळा बार वळून बघायला लागला. माझा आवाज मध्येच फाटला.

ओल्दानं माझ्या गालावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्यानं असं कधी केलं नव्हतं. "आत्ता नको रे, लोयझा," म्हणाला.

त्याला ओस्ट्राव्हाला जाऊन सात महिने झाले. मला एकच डाचतं. तेव्हाच्या तेव्हा शिवी हासडली असती तर तो चिडला असता, मलाही माझी जुनी चूक ऐकवली असती, दोघं भांडलो असतो, आणि राद्काला वाटलं असतं, म्हातारे आहेत, चुकायचेच. तो इथं राहिला असता. मी त्याला वाचवायला गेलो आणि मीच त्याला घालवलं. काल राद्काचा फोन आला. तो तिलाही आता ओळखत नाही. दर गुरुवारी जेवण झालं की टाय मागतो म्हणे, आणि दारापाशी जाऊन बसतो.