परवानगीची यादी

चारुलता कुकटपल्लीतल्या एका श्रवणयंत्रांच्या कंपनीत वेबसाइटचं काम बघायची. पुण्याहून या तेलुगू मुलखात येऊन दोन वर्षं झाली होती, पण ऑफिसात कामापलीकडे तिचं कुणाशी बोलणं नव्हतं.

त्या आठवड्यात कुठल्याशा भामट्या वेबसाइटनं कंपनीचा चौकशीचा फॉर्म जसाच्या तसा आपल्या पानावर लावला आणि आपणच ती कंपनी असल्याचा आव आणला. तक्रारी सुरू झाल्या. तिचे साहेब कुलदीप म्हणाले, "फॉर्म कुठल्या साइटवर दिसावा त्याची यादी कर. बाकी सगळं बंद."

तिनं कंपनीच्या चार साइटी यादीत घातल्या. पण त्यामुळे एक भली साइटही बंद पडली. नल्लकुंट्यातले निवृत्त मास्तर उमाजी बिराजदार ती इथल्या मराठी कुटुंबांसाठी चालवत.

"सर, हे खरे आहेत. विचारून फॉर्म लावला होता त्यांनी. ठेवू?"

"वर्षात किती फॉर्म येतात तिथून?"

"अकरा."

"मग बंदच राहू दे."

निदान कळवावं म्हणून तिनं चार दिवसांनी ऑफिसातूनच मास्तरांना फोन लावला.

"कोण? जोरात बोला, मला कमी ऐकू येतंय," उमाजी ओरडले. "तुमच्या फॉर्मच्या जागी नुसता कोरा चौकोन दिसायलाय. मला वाटलं, माझंच काही चुकलं."

तिनं आवाज चढवून सगळं समजावलं. मराठी ऐकून मास्तर खुलले.

"कुठल्या तुम्ही?"

"पुण्याची."

"हौ? इथं घरी कोण कोण असतं?"

"कुणी नाही," ती हळूच म्हणाली.

"ऐकू नाही आलं, बाई!"

"कुणी नाही! एकटीच राहते मी! कुणीच नाही माझं इथं!"

कीबोर्डांची टकटक थांबली. ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांनीही माना वळवल्या.

"मीपण एकटाच," पलीकडून आवाज आला. "बायको गेली, मग ही साइट घेऊन बसलो."

कुलदीप कधीचे मागे उभे होते. "टाक त्यांचं नाव यादीत," ते म्हणाले.

तिनं टाकलं. "मास्तर, पान पुन्हा उघडा."

"आला! फॉर्म आला!" उमाजी लहान मुलासारखे हरखले आणि त्या आनंदात त्यांनी फोनच ठेवून दिला.

ती बराच वेळ फोन कानाला लावून बसली. दुपारी तिला कुणी काही विचारलं नाही. फक्त तिच्या आसपास सगळे नेहमीपेक्षा हळू बोलत होते.