फोरमनच्या दारातला रॅम्प

उपासना संपल्यावर पाळकांनी सांगितलं, की कारखान्याच्या जुन्या फोरमनला अर्धांगवायू झालाय. चाकाच्या खुर्चीत आहे, आणि दारातल्या तीन पायऱ्यांमुळे घरातच अडकून पडलाय. कुणी रॅम्प करून देईल का?

सुतारानं हात वर केला. बाकांवरच्या माना वळल्या.

काम भराभर उरकावं म्हणून याच फोरमननं करवतीच्या यंत्रावरची जाळी काढायला लावली होती. सुताराचा धाकटा भाऊ त्यात गेला. शिवाय जाळी भावानंच आपणहून काढली, असं फोरमननं लिहून दिलं. सहा वर्षं झाली. आधी सुतार नुसता धुमसत असे. पुढे रागही विझला आणि त्या जागी दुसरं काहीच आलं नाही.

बाहेर प्लंबरनं त्याला गाठलं. दोघं शाळेपासूनचे जिवलग.

"माझं दार दोन वर्षं अडकतंय. दर वेळी 'उद्या येतो'! तुझा वैरी झालो असतो तर बरं झालं असतं."

"तू थांबशील, ठाऊक आहे मला. त्याच्याकडे आत्ता गेलो नाही, तर कधीच जाणार नाही."

प्लंबर तणतणत निघून गेला. पण सोमवारी सुतार फोरमनच्या अंगणात फळ्या कापत असताना तो हजर.

"त्याच्यासाठी नाही आलो, सांगून ठेवतो. तुझी कंबर धड नाही म्हणून आलोय."

दीड फूट उंचीला अठरा फूट लांबी. दिवसभर प्लंबरनं फळ्यांची टोकं धरली, खिडकीकडे एकदाही पाहिलं नाही. संध्याकाळी फोरमनच्या बायकोनं खुर्ची बाहेर आणली.

"का... केलंस?" फोरमनचं अर्धंच तोंड हललं.

"वैऱ्यावर प्रेम करायला सांगितलंय."

"करतोस?"

सुतारानं प्रामाणिकपणे आत चाचपून पाहिलं. "माहीत नाही. रॅम्प पक्का आहे."

फोरमननं रॅम्पकडे पार टोकापर्यंत पाहिलं. मग म्हणाला, "जाळी... मी काढायला लावली. तुझ्या भावानं... आपणहून नाही."

हे ऐकायला सुतार सहा वर्षं थांबला होता. ऐकलं, आणि काहीच झालं नाही. फोरमनचा लुळा पाय खुर्चीवरून घसरला होता, तो त्यानं वाकून नीट ठेवला.

मागे प्लंबर भिंतीकडे तोंड करून हुंदके देत होता.

"काकू," सुतार म्हणाला, "ह्याला जरा पाणी द्या."