जाकिटावरचा तुक्तू

मी तुक्तू बोलतोय. जनावर नव्हे हं, जनावराचं नाव! जनावर असतो तर तुमच्याशी गप्पा मारत बसलो नसतो, केव्हाच डोंगराआड पसार झालो असतो.

बर्फ खुरांनी उकरून खालचं दगडफूल खाणारं, मोठ्या शिंगांचं आमचं हरीण, त्याचं मी नाव. उत्तर ध्रुवाकडच्या बाफिन बेटावरच्या माणसांच्या तोंडात वाढलो. कुणी मला हाक दिली की पाठोपाठ मांस यायचं, अंगरख्याला कातडं यायचं, शिवायला स्नायूचा दोरा यायचा. रिकाम्या हाताने मी कुणाच्या घरात शिरलो नाही.

मग इंग्रजी बोलणारे आले. त्यांच्यापाशी या जनावराला कॅरिबू हा शब्द होता, तोही दुसऱ्याच एका आदिवासी भाषेतून उचललेला. एवढ्याने भागेना, म्हणून मलाही नेलं. आता मी लॉजच्या पाटीवर आहे, लाडक्या कुत्र्याच्या पट्ट्यावर आहे. पुस्तकात मला तिरप्या अक्षरांत छापतात, जणू मला सरळ उभं राहता येत नाही! परवा एक पाहुणा माझ्या नावाचं जाकीट मिरवत आमच्या दुकानात आला. म्हणाला, "मला तुक्तू फार आवडतो." गल्ल्यावर आमच्याच गावची पोरगी, कल्लुक होती. तिने विचारलं, "कच्चा की उकडलेला?" त्याचं तोंड एवढंसं झालं.

परक्यांचं सोडा हो. घरचे काय कमी आहेत? बेटावर जनावरं घटली, शिकारीच्या परवान्याला सोडत लागू झाली. आता तरुण पोरं इंग्रजीत गप्पा झोडतात, मधेच मला बसवतात आणि खातात दुकानातली कोंबडी. त्या वाक्यात मी एकटाच आमच्याकडचा, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा अवघडून बसलेला. वैताग आला होता मला. नुसतं नाव होऊन जगायचं, हे काय जगणं?

अशात कल्लुकची आजी, ऊलीपिका, आजारी पडली. विमानाने दक्षिणेतल्या इस्पितळात न्यायचं ठरलं. तिथून ती परत येईल, असं कुणी छातीठोक सांगत नव्हतं. तिने जेवण टाकलं. एकच म्हणे, "तुक्तू आणा, मग खाईन." योगायोगाने सोडतीत कल्लुकचं नाव निघालं. पोरीने आजवर तुक्तू मारला नव्हता. मामाबरोबर बर्फावरच्या स्कूटरवरून गेली आणि विमानाच्या आदल्या दिवशी सकाळी तो घेऊन आली.

आमच्याकडे पहिली शिकार मारणाऱ्याने ठेवायची नसते. जन्माच्या वेळी ज्या बाईने आपल्याला हातांत झेललं, तिला ती द्यायची. कल्लुकला झेललं होतं आजीनेच. मी म्हटलं, चला, सुटलो! आता आजी पोटभर खाईल.

कसलं काय! आजी म्हणते, "दादा, गावच्या रेडिओला फोन लाव. सगळ्यांना बोलाव." आपल्या मेलेल्या थोरल्या भावाचं नाव तिने नातीला दिलेलं, म्हणून नातीला ती दादाच म्हणते.

"सगळं वाटलंस तर तू काय खाणार? उद्या विमान आहे तुझं!" कल्लुक भडकली.

"मला दिलंस ना? मग माझं आहे. मी दडपून ठेवलं तर पुढे तुला शिकार मिळायची नाही. लाव फोन."

कल्लुकने लावला. आणि गावभर ऐकू गेलं इंग्रजीच: "ऊलीपिकाच्या घरी तुक्तू आहे. या." आमच्या भाषेतला त्यात एकटा मी! रेडिओवरचा मार्कुसी खवळला, "अगं, आपल्या भाषेत सांग की! जीभ गोठली का तुझी?"

"तूच सांग. मला मांस कापायचंय."

मीही चरफडत होतो. पण मार्कुसीचं बोलणं संपायच्या आत दारं वाजू लागली. पिशव्या, बादल्या, सुऱ्या घेऊन गाव आलं. जमिनीवर पुठ्ठा अंथरला होता, त्याभोवती सगळे उकिडवे बसले, खाल्लं, हसले, वाटे घेऊन गेले. पुठ्ठ्यावर उरले रक्ताचे डाग आणि नडगीचं एक हाड.

कल्लुकला रडू फुटलं. "बघ, तुझ्यासाठी काही राहिलं नाही."

"हाड फोड की, दादा. मारायला शिकलास, खायला कधी शिकणार?"

कल्लुकने हाड फोडलं. आजीने आतला मगज बोटाने काढला, तोंडात घोळवला, डोळे मिटले आणि म्हणाली, "तुक्तू."

तोंड भरलेलं होतं, त्यामुळे मी धड ऐकूही आलो नाही. पण इतकं नीट मला कित्येक वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं.

उद्या ती विमानात बसेल. तिकडे इस्पितळात मला समजणारं कुणी नसेल, म्हणून मी तिच्या तोंडातच जाणार आहे. तुम्हीही मला न्या बापडे, इंग्रजीत न्या, हव्या त्या भाषेत न्या. फक्त रिकामा नेऊ नका.