मारुतीरावांचं वाकडं सागवान

“मारुतीकाका, हे लाकूड झाडावर वाकलंय की करवतीखाली?”

मारुतीरावांच्या भर वखारीत, गिऱ्हाइकासमोर मी हे विचारायचं, अशी नीला नि कल्याणी या मैत्रिणींनी माझ्याशी पैज घातली होती. “तुझी छाती न्हाय व्हायची,” नीला म्हणालेली. झाली की! दप्तर काखेत, आणि आवाज असा खणखणीत की करवतवालेसुद्धा थांबले.

गिऱ्हाईक म्हणजे वेंगुर्ल्याला गलबतं बांधणारे परशराम मिस्त्री. आगबोटी लढाईवर गेल्यामुळं यंदा गलबतांना मागणी आलेली. किनाऱ्यावरच्या गोद्यांची नुसती चढाओढ. गलबताच्या बरगड्यांना लागतं खानापूरच्या रानातलं, मुळातच वाकलेलं सागवान. ते माझे अण्णा, रवळू सुतार, निवडून द्यायचे. मग मारुतीरावांनी मिस्त्रींच्या कानात घातलं, ‘रवळूच्या लाकडाला कीड हाय.’ साफ खोटं! पण अण्णांचं गिऱ्हाईक गेलं, नाव गेलं. दोन वर्षं झाली, ते बैलगाड्यांची चाकं ठोकतायत.

“कुणाची गं तू?” मारुतीराव हसले. “जा, भातुकली खेळ जा.”

“रवळूची. मिस्त्रीकाका, वरचा गेरू खरवडून बघा. रानात वाकलेल्या लाकडाची रेघ बाकासंगट वळती. हितली सरळ जाऊन काठाला तुटलीया.”

मिस्त्रींनी तासणीनं गेरू खरवडला. बघतच राहिले. मग बरगडी दोन ओंडक्यांवर आडवी टाकली नि घण घातला. काडकन दोन तुकडे!

“चेडवा, ह्यां तुका कोणी शिकवल्यान?” मिस्त्री माझ्याकडं वळले.

“ज्यांच्या लाकडाला कीड होती, त्यांनी.”

मारुतीरावांचं तोंड असं उतरलं की मला तिथंच फुगडी घालावीशी वाटली.

दिवस मावळायच्या आत मिस्त्री आमच्याकडं येऊन सगळी मागणी अण्णांना देऊन गेले. त्यांच्या पाठोपाठ मारुतीराव हजर.

“रवळू, झालं गेलं. निम्मं काम मला दे. आणि किनाऱ्यावर कुणाला बोलू नगंस बाबा.”

अण्णा लगेच विरघळले. “बरं, बरं. बसा की.”

आईनं मला डोळ्यांनी दटावलं, “चहा टाक जा.”

मी हलले नाही. दोन वर्षं अण्णा मान खाली घालून पेठेतनं चालत होते, तेव्हा त्यांना कुणी चहा पाजला नव्हता.

“अण्णा, आई, ऐका. मेच्या सुट्टीत मी लाकडाच्या गाडीसंगं वेंगुर्ल्याला जाणार हाय. तिथल्या एकूण एक गोदीत ह्यांचं नाव घेऊन सगळं सांगणार. ह्यांच्या म्होरंच सांगती, मी ठरवलंय.”