बेहड्यावर लागलेला कौल

मी बेहडा बोलतोय. राधानगरीच्या वरच्या अंगाला, जुगाईच्या देवराईत उभा आहे. पावणं, बसा; पण जरा लांबच बसा. माझी फांदी कधी सुटेल, आता माझं मलाच सांगता येत नाही. उद्या मला पाडायला माणसं येणार आहेत. म्हणून आज मनातलं बोलून घेतो, आणि गोड बोलणार नाही.

मला कुणी लावलं नाही. एका सांबरानं फळ खाल्लं आणि बी जुगाईच्या पाषाणापाशी टाकून दिलं, तिथं मी उगवलो. जुगाईला छप्पर चालत नाही, अशी इथली रीत आहे. तिला देऊळ नाही, पत्रा नाही, काही नाही. त्यामुळे मी वाढलो तसा मीच तिचं छप्पर झालो. देवीचा कौल मिळाल्याशिवाय या राईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नाही. खाली पडलेली फळं वेचायला तेवढी मुभा. गावातली तानाबाई दर हिवाळ्यात पाटी घेऊन यायची, आधी देवीला हात जोडायची आणि मग मला. माझ्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला कोंडून घ्यायची आणि पिल्लं वाढवायची. माझा थाट होता तेव्हा.

आता लोक म्हणतात, म्हातारा झाला म्हणून वाळला. साफ खोटं आहे हे. माझं वाळायचं वय अजून झालेलं नव्हतं.

मला पाणी किती उंच चढवावं लागतं याचा विचार तुम्ही कधी केलात का? हल्ली उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी आणि तापलेली असते की ती पानांतलं पाणी ओढून नेते. मुळं देतील तेवढं पुरत नाही. मग आत पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत हवा शिरते आणि त्या बंद पडतात. खालच्या करवंदीला याची झळ कमी लागते. जो उंच असतो, तोच आधी मार खातो. माझा शेंडा गेला, मग वरच्या फांद्या गेल्या.

पाऊस पडत नाही असंही नाही. पूर्वी तो मुरत मुरत पडायचा. आता आठवडेच्या आठवडे कोरडे जातात आणि मग आभाळ फाटल्यासारखा सगळा एकदम कोसळतो. ते पाणी माझ्या मुळांशी थांबत नाही. माती घेऊन उताराला लागतं आणि खाली शिरोळला लोकांच्या घरांत शिरतं. तिकडे माणसं गच्चीवर जाऊन बसलेली आणि इकडे मी दिवाळी सरताच तहानलेला. फुलोरा आला की अवकाळी पाऊस येऊन तो झोडपून काढतो. तानाबाईची पाटी अर्धीसुद्धा भरत नाही.

यातलं मी काय केलं? मी धूर सोडला नाही. डोंगर पोखरला नाही. उलट तुमचा धूर मीच निमूटपणे पोटात घेत आलो. तरी शिक्षा मला. राग येणार नाही तर काय होईल?

यंदा जत्रेत माझी एक वाळकी फांदी स्वयंपाकाच्या जागेवर पडली. कुणाला लागलं नाही, पण आमटीचं पातेलं चेपलं आणि गाव घाबरलं. मग एका रविवारी माझ्याच सावलीत बैठक बसली.

"उद्या कुणाच्या डोस्क्यात पडली म्हंजे? काढून टाकू या झाड," विश्वजित म्हणाला. हा तानाबाईचा भाचा, कागलच्या एमआयडीसीत कामाला असतो.

"वाळल्याल्या फांद्या तेवढ्या उतरवा की," तानाबाई म्हणाली. "खालनं जित्तं हाय त्ये. अख्खं झाड कशापायी?"

"आत्ती, आपुन कोण ठरवनार? जुगाईआईला इचारू."

झालं. आकाराम गुरवाला कौल लावायला सांगितलं. कौल लावायचा तो दिवस उगवताना, पाषाण गार असताना. पण विश्वजितसारखी नोकरीवाली मंडळी रात्रपाळी संपवून उशिरा पोचली होती आणि त्यांना लगेच परतायचं होतं. म्हणून भर दुपारीच लावला. आकारामनं दोन कळ्या पाण्यात बुडवून पाषाणाला चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर झाड काढायचं, डावी पडली तर ठेवायचं.

पूर्वी त्या पाषाणाला दुपारचं ऊन ठाऊक नव्हतं. आता माझा शेंडा वाळून वर जे भगदाड पडलंय, त्यातून उन्हाचा एक पट्टा खाली उतरतो. तो नेमका उजव्या अंगावर पडला होता. डावीकडे माझ्या जित्या फांदीची सावली होती, तिथली कळी ओलीच राहिली. उजवीकडची वाळली आणि पडली.

ती उचलताना आकारामचा हात पाषाणाला लागला. त्यानं चटकन मागं घेतला.

"दगूड काय तापलाय ह्यो," तो म्हणाला. "औंदा ऊन लई वाढलंया."

"व्हय की," विश्वजित म्हणाला. "कागलात तर उभं ऱ्हावत न्हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढं बोलले, आणि कळी कशानं पडली हे एकालाही सुचलं नाही. मला बोलायला वारा लागतो, आणि त्या दुपारी पान हलत नव्हतं. तानाबाई माझ्या बुंध्याला हात लावून रडली. "आईचंच म्हननं आसंल तर मी काय बोलू," म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

जुगाईवर माझा राग नाही. ती काहीच बोलली नव्हती. राग तुम्हा माणसांवर आहे. तिला विचारायच्या आधी एकदा मान वर करून बघितलं असतं तरी पुरलं असतं. शेजारच्या ऐनाचा शेंडाही पिवळा पडायला लागलाय, निदान त्याच्याकडे तरी बघा. त्याच्या बुडाचा पालापाचोळा झाडून नेऊ नका, उताराला बांध घाला, पाणी मुरू द्या. तुमचा धूर कमी करा. हे काम देवीचं नाही.

उद्या मी आडवा झालो की करवत बंद होईल. तुम्हाला घाम सुटलेला असेल. टेकायला सावली शोधाल आणि सवयीनं माझ्याकडेच वळाल. या. जुगाई तिथंच असेल, भर उन्हात. तिच्याशेजारी बसा.