रत्नागिरीत आलेला उबेचा पंप

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. घरं उबदार ठेवणं हे माझं काम, आणि मी राहतो रत्नागिरीत! हसलात ना? इथेही मला पाहून सगळे असेच हसले होते.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथल्या एका घरात मी नऊ हिवाळे काढले. घर दुरुस्तीला निघालं, तेव्हा मला काढून, माझ्या पुस्तिकेसह खोक्यात भरून विकलं आणि बोटीने मी इकडे आलो. परदेशी नोकरीला जाणाऱ्या मुलामुलींना प्लंबिंग शिकवणारा एक वर्ग इथे आहे. तिथल्या भिंतीवर मला बसवलं. शेजारी पाणी तापवणारी टाकी आणि तीन रेडिएटर. रेडिएटर म्हणजे भिंतीला लावलेली चपटी, पोकळ लोखंडी पेटी. तिच्यातून गरम पाणी फिरतं आणि खोलीत ऊब येते. ते पाणी फिरवायचं, एवढंच माझं काम.

पण ते मी डोळे मिटून करत नाही. खोली पुरेशी तापली की रेडिएटरचा व्हॉल्व्ह आपोआप मिटतो. पाण्याची एक वाट बंद झाली की दाब वाढतो. तो मला आतल्या आत जाणवतो आणि मी माझा वेग कमी करतो. वाट उघडली की पुन्हा वाढवतो. त्या क्षणी किती वॉट वीज लागते आहे, तो आकडा माझ्या तोंडावर दिसतो. रत्नागिरीतली खोली मुळातच तापलेली, म्हणून इथे मुलांना ते व्हॉल्व्ह हाताने उघडावे-मिटावे लागत.

वर्गाचे गोपाळकृष्ण सर मनाने चांगले. पावस गावच्या बागांतून त्यांनी तीस वर्षं विहिरींवर पंप बसवले होते. त्यांच्या लेखी पंप मंदावला म्हणजे बिघडला. मी हळू झालो की ते कपाळाला आठ्या घालत. शेवटी त्यांनी माझं बटण कायमचं सगळ्यात वरच्या वेगावर ठेवायला सांगितलं. मग वाटा बंद असल्या तरी मी पाणी रेटत राही आणि नळ्या शिट्ट्या मारत. मला फार वाईट वाटे.

या वर्गात मनिषा होती. तिचे बाबा गंगाराम मासेमारीच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडी हाकणारे. सराव परीक्षेत तिने माझं बटण आपोआप वेग बदलण्यावर ठेवलं. सरांनी दोन व्हॉल्व्ह मिटले. माझा आवाज उतरला.

"बाविसावरून नऊवर! बसला बघ पंप तुझा," सर म्हणाले आणि त्यांनी तिचे गुण कापले.

शनिवारी त्यांनी अंतिम परीक्षेला जाणाऱ्यांची नावं वाचली. चार नावं होती. मनिषाचं नव्हतं. मग शिपायाकडे वळून ते म्हणाले, "हरिश्चंद्र, सोमवारी हा पंप भंगारात देऊन टाक. नवा येतोय."

बाकीची मुलं गेली. मनिषा जागची हलली नाही.

"सर, दहा मिनिटं द्याल?"

"मनिषा, यादी झाली गो आता."

"यादीचं नाही म्हणत मी. फक्त त्या उघड्या रेडिएटरला हात लावून बघा."

तिने माझं बटण परत आपोआप वेग बदलण्यावर ठेवलं आणि पुन्हा दोन व्हॉल्व्ह मिटले. मी नऊवर आलो. सरांनी तिसऱ्या रेडिएटरला हात लावला आणि चटकन मागे घेतला. चांगलाच चटका बसला होता.

"पंप बसला असता तर हा एवढा तापला असता का?" मनिषाने विचारलं. "बंदरात शिरताना बाबा इंजिन हळू करतात. इंजिन बिघडतं म्हणून नाही. तेवढंच लागतं म्हणून."

तिने एकेक व्हॉल्व्ह उघडला. पंधरा. बावीस. मित्रांनो, नऊ हिवाळ्यांत मी इतक्या जिवाच्या आकांताने काम केलं नव्हतं!

सरांनी स्वतः व्हॉल्व्ह मिटून पाहिले, उघडून पाहिले. एकदा नव्हे, तीनदा. मग त्यांनी चष्मा पुसला.

"हे कुठे वाचलंस?"

"त्याच्या खोक्यात पुस्तिका होती, सर."

"मी ती उघडलीच नाही," सर हळूच म्हणाले. त्यांनी खिशातून यादी काढली आणि खाली पाचवं नाव लिहिलं. जाता जाता हरिश्चंद्रला सांगितलं, "पंप राहू दे रे."

मनिषा पास झाली. डिसेंबरात ती विमानाने परदेशी गेली. आता तिकडच्या थंडीत माझ्या भावंडांची देखभाल करते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला कोरडा चालवू नका, पाण्यावाचून माझा आस, म्हणजे आतला फिरता दांडा, झिजतो. नळ्यांत अडकलेली हवा आधी सोडा. आणि कोणी हळू चालताना दिसलं, तर त्याला टाकून देण्याआधी तो काय करतो आहे ते नीट बघा.

परवा नवे विद्यार्थी आले. सरांनी माझ्यावर हात ठेवला आणि त्यांचा पहिला धडा सुरू केला, "पोरांनो, या पंपाच्या बाबतीत मी चुकलो होतो. कसा, ते सांगतो. आणि पुढे कुठे चुकलो, तर मला तिथल्या तिथे अडवा."