एकशे त्रेचाळीस शून्यं

जेवायला घरी आलेल्या जावयानं चमचा रश्श्यात बुडवला आणि तसाच बुडवून ठेवला, तेव्हाच दोसोलीनाबाईंनी ओळखलं की बँकेत काहीतरी बिनसलंय. लिव्हिओच्या डोक्यातली काळजी आधी त्याच्या पोटात उतरायची. पावाचे गोळे रश्श्यात फुगून बसले होते, वरचं चीज थिजत चाललं होतं.

"काय रे, माझ्या हातचं गोड लागेना का आज?"

"तसं नाही, आई."

"मग कसं? गावच्या बँकेचा साहेब तू, आणि तोंड बघ, कोंबडी चोरताना धरल्यासारखं."

त्यांची मुलगी फिओरेन्झा मधे पडली. "अगं, त्रेंतोच्या मुख्य कचेरीतून पत्र आलंय. आपल्या इलारियाचं कर्ज अडवलंय."

आता दोसोलीनाबाईंनीही चमचा खाली ठेवला. इलारिया म्हणजे त्यांची नात, याच दोघांची मुलगी. गिरणीशेजारचं जुनं दगडी घर ती आणि तिचा नवरा विकत घेणार होते. शुक्रवारी दहा वाजता नोटरीकडे सह्या व्हायच्या होत्या. विकणारा व्हेरोनाचा दातांचा डॉक्टर होता, आणि त्याच्या दारात मिलानचा एक माणूस सुट्टीतल्या घरासाठी टपून बसला होता. शुक्रवार हुकला की घर गेलं, आणि पोरं खोरं सोडून शहरात. मागच्या पाच वर्षांत अशी अकरा घरं गेली होती. त्यांच्या खिडक्या आता फक्त ऑगस्टमध्ये उघडतात.

"अडवलं म्हणजे? तिच्या बापाच्या बँकेनं?"

लिव्हिओ सांगायला लागला तसा आणखीच खचत गेला. बँकांना हल्ली जाब द्यावा लागतो की आपण ज्या घरांवर कर्ज दिलंय ती घरं किती धूर सोडतात. मुख्य कचेरी सगळ्या शाखांचे कागद एकत्र करते आणि प्रत्येक शाखेला रंग देते. हिरवा, पिवळा, तांबडा. प्रादेल्ला गावची शाखा तांबडी निघाली होती, अख्ख्या प्रांतात सगळ्यांत तांबडी. आता तिथं जुन्या घरांवर नवं कर्ज बंद.

"आपण तांबडे?" दोसोलीनाबाईंचा आवाज चढला. "खाली हमरस्त्यावर ट्रकांची रांग लागते, आणि धूर आमचा?"

"कर्जावरची दोनशे बारा घरं आहेत आपल्याकडे. त्यातल्या एकशे त्रेचाळीस घरांनी 'घर कशावर गरम ठेवता, किती इंधन लागतं' या रकान्यात शून्य भरलंय. संगणक म्हणतो, डोंगरात शून्यावर कोणी हिवाळा काढत नाही. म्हणजे माहिती लपवलीय. मग तो सगळ्यांत वाईट ते धरतो. जुनं बॉयलर, तेलावरचं."

"आणि शून्य लिहायला या शहाण्यांना सांगितलं कोणी?"

फिओरेन्झाला एकदम खोकला आला.

"बायका म्हणतात, तुम्हीच, आई," लिव्हिओ म्हणाला.

त्यांना आठवलं. मागच्या शरद ऋतूत डेअरीच्या ओट्यावर बायका ते फॉर्म हातात घेऊन उभ्या होत्या. दोसोलीनाबाई चौथीपर्यंतच शिकलेल्या, पण तीस वर्षं बँकेच्या सभासद मंडळावर निवडून येत होत्या आणि गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "इंधन कसलं? आपण काय विकत घेतो का? लिहा शून्य."

यात त्यांचा खोडसाळपणा नव्हता. प्रादेल्लात घरं गावकीच्या रानातल्या लाकडावर तापतात. दर मार्चला चिठ्ठ्या निघतात, ज्याच्या नावावर जी झाडं येतील ती त्यानं तोडायची. पणज्यांच्या आधीपासून हे असंच. त्या लाकडाला पैसा पडत नाही, पावती होत नाही, म्हणून ते कोणाच्या हिशेबात कधी आलंच नाही. विहिरीचं पाणी प्यायलं म्हणून कोणी लिहून ठेवतं का?

"मी अडाणी बाई बोलले. तू तर शिकलेला. कागद बघताना डोळे कुठे होते तुझे?"

"मलाही बरोबरच वाटलं, आई. मीपण शून्यच लिहिलंय."

यावर फिओरेन्झा हसली आणि आईचे डोळे बघून पाव कापायला उठली.

"आता यावर उपाय?"

"गेल्या वर्षी असतं तर काहीच उपाय नव्हता. घरटी इंजिनियरचा दाखला लागला असता. पण या हिवाळ्यात ब्रसेल्सला कायदे करणाऱ्या युरोपवाल्यांनी छोट्या बँकांवरचं ओझं कमी करायला घेतलंय. त्रेंतोनंही आमचे फॉर्म आखूड केलेत. आता घराघराचा दाखला नको म्हणतात. गावातल्या एखाद्या मान्य संस्थेनं ठेवलेली नोंद चालेल. फक्त गुरुवारी दुपारपर्यंत पोचली पाहिजे."

"आज सोमवार," दोसोलीनाबाई म्हणाल्या आणि खुंटीवरचा कोट काढला. "जेव तू. रस्सा गरम करून घे."

कोणाच्या घरात किती लाकूड जातं याची नोंद कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं. ती तुल्लिओकडे होती. तुल्लिओ गावकीच्या रानाचा कारभारी, चिठ्ठ्यांसाठी झाडांचे वाटे पाडणारा, आणि त्याच्याशी त्या सहा वर्षं बोलत नव्हत्या. त्या वर्षी त्यांच्या वाट्याला वाकडी बीचची झाडं आली होती, आणि त्यांनी चर्चच्या पायरीवर, प्रार्थना सुटून माणसं बाहेर पडत असताना, त्याला आंधळा म्हटलं होतं.

तुल्लिओ दार उघडून उभा राहिला, बाजूला सरकला नाही.

"अगंबाई, कोण हे? आंधळ्याला दिसत नाही नीट."

"टोमणे नंतर मार. लाकडाच्या वाट्यांची वही पाहिजे."

"वही गावकीची. दाराबाहेर जात नाही."

"मग वहीबरोबर तूही चल."

"कशाला?"

सांगणं भाग होतं. दारातच, थंडीत उभ्या राहून त्यांनी सगळं सांगितलं. तुल्लिओ मन लावून ऐकत होता. इतकं गोड त्याला कित्येक वर्षांत काही ऐकायला मिळालं नव्हतं.

"म्हणजे दोसोलीना, तुझं चुकलं."

"चुकलं."

"काय म्हणालीस? कानही गेलेत माझे."

"एकदा म्हटलं, ते पुष्कळ झालं. इलारियाला माझ्यावरच्या रागापायी शहरात धाडू नकोस. तुझ्या डोळ्यांदेखत वाढलीय ती."

तुल्लिओनं टोपी उचलली.

मंगळवारी बँकेत दुसराच घोळ समोर आला. बँकेच्या यादीत घरांना रस्ता आणि नंबर होते. वहीत तसलं काही नव्हतं. गावात चारच आडनावं. म्हणून वहीत आडनाव नसतंच, घराण्याला पडलेलं टोपणनाव असतं. मेणवाले, लंगड्याचे, कोल्हे, सात पोरीवाले. लिव्हिओनं पान उलटलं, पुन्हा उलटलं आणि कपाळाला हात लावला. त्याची आई दुसऱ्या गावची होती, त्याला निम्मी नावं माहीत नव्हती.

"सरक," दोसोलीनाबाईंनी खुर्ची ओढली. "वाच तू."

"मेणवाले."

"चर्चमागे, सतरा नंबर. पणजा मेणबत्त्या करायचा."

"सात पोरीवाले?"

"पुलाशेजारी, चार. पोरी आठ होत्या. आठवी झाली तोवर नाव पडून गेलं होतं."

तुल्लिओ प्रत्येक घराच्या लाकडाच्या राशी वाचायचा, दोसोलीनाबाई घर सांगायच्या आणि लिव्हिओ लिहायचा. दोन वेळा त्या दोघांचं कडाडून वाजलं, एकदा तर तीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसावरून. खिडकीवर पैसे काढायला आलेली माणसं पैसे घेऊनही हलेनात, उभ्या उभ्या आपापल्या घरांच्या नोंदी तपासून घेऊ लागली. बुधवारी संध्याकाळी शाखा बंद होताना यादीतली एकशे बेचाळीस घरं लागली होती. एक राहिलं.

"वरची आळी, नऊ नंबर," लिव्हिओ म्हणाला. "हे तर तुमचंच ना, तुल्लिओकाका? वहीत तुमचा वाटा आहे, पण पुढे 'पाद्रीबाबांना दिला' असं लिहिलंय."

तुल्लिओचे कान लाल झाले. रानाचा कारभारी, सगळ्या गावाला झाडं नेमून देणारा, आणि चार वर्षांपासून गुपचूप तेलाच्या बॉयलरवर शेकत बसलेला. लिव्हिओनं सासूकडे बघितलं. आता काय ऐकायला मिळतंय म्हणून त्यानं पेनही खाली ठेवलं.

दोसोलीनाबाईंच्या तोंडात वाक्य तयार होतं. चांगलं धारदार होतं. त्यांनी ते गिळलं.

"पाठ दुखते त्याची, लाकूड फोडणं होत नाही," त्या म्हणाल्या. "तेल लिही. आहे ते आहे."

रात्र पडायच्या आत कागद त्रेंतोला गेले. गुरुवारी बारा वाजून गेले, एक वाजला, दोन वाजले. दोसोलीनाबाई शाखेतल्या बाकावर बसून होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला दार नीट लावत नाही म्हणून बोलत होत्या. अडीचला फोन वाजला. मुख्य कचेरीतल्या ज्युलियानाबाई होत्या. लिव्हिओनं आवाज मोठा केला.

"वहीची पानं तपासली. अशी नोंद मी पहिल्यांदाच बघतेय. आमच्या साहेबांनी तीनदा विचारलं, सात पोरीवाले म्हणजे काय म्हणून."

"पण चालली ना?" दोसोलीनाबाई बाकावरूनच ओरडल्या.

"चालली. हिरवा नाही मिळायचा, बाई. भिंती जुन्या आहेत तुमच्या, घराबाहेरचा डोंगर तापवता तुम्ही. पिवळा मिळालाय. पिवळ्यावर कर्ज सुटतं. तुमच्या नातीचं सोडलंय, उद्या दहाच्या आत नोटरीकडे पोचेल."

लिव्हिओनं फोन ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग खिशातून अर्धा पाव काढून तिथंच खायला लागला.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास दोसोलीनाबाई दूध घालायला डेअरीत गेल्या. बायका जमल्या होत्या. त्यांनी बरणी ओट्यावर ठेवली.

"ऐका गं. पुढच्या फॉर्मवर लाकूड लिहायचं, राशी मोजून. मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं."

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं तर विचारलंच, "दोसोलीना, ताप आहे का गं तुला?"

त्या उत्तर देणार तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. इलारियाचा आवाज वर चढलेला, मागे नवरा काहीतरी ओरडत होता.

"आज्जी, झाली सही! किल्ली माझ्या हातात आहे!"

"बरं बरं. किंचाळू नकोस. माणसं बघतात."

एवढं बोलून त्यांनी फोन बंद केला, आणि मग एका पालथ्या दुधाच्या कॅनवर धपकन बसल्या. बायका घाबरून भोवती गोळा झाल्या.

"पाणी आणू का?"

"पाणी कशाला?" डोळे पुसत दोसोलीनाबाई म्हणाल्या. "पोरगी गावातच राहतेय. बसू दे मला जरा."